मेलात तरी सभासदच

लॉस एंजेलिस सायन्स फँटसी सोसायटी अशा लांबलचक नावाच्या एका संस्थेत सभासदत्व एकदाच घ्यायचं असतं. ते जन्मभर टिकतं आणि जन्म संपल्यावरही. ‘मेलात तरी सुटका नाही’ अशा अर्थाचं घोषवाक्य ही मंडळी अभिमानाने मिरवतात. सभासद वारला म्हणून त्याचं सभासदत्व रद्द झालं, असं तिथे मानत नाहीत.

विज्ञानकथा वाचणाऱ्यांची ही संस्था 1934 साली सुरू झाली आणि अजून चालू आहे. खंड न पडता चाललेली जगातली सर्वांत जुनी विज्ञानकथा-चाहत्यांची संस्था म्हणून तिची ओळख आहे. बैठकीचा वार गुरुवार. या गुरुवारांच्या संख्येने चार हजारांचा आकडा कधीच ओलांडला. मागचं इतिवृत्त वाचायचं, त्यावर कुणीतरी हरकत घ्यायची, त्या हरकतीवर विनोद व्हायचे, मग खजिनदाराने शिल्लक सांगायची आणि नंतर गप्पा. एवढंच.

या गप्पांतून रे ब्रॅडबरी घडला, रे हॅरिहाउसन घडला, वेशभूषा करून संमेलनाला जाण्याची प्रथा पडली, जपानी ॲनिमेशनचा अमेरिकेतला पहिला क्लब निघाला. ही नावं घेऊन संस्थेचा इतिहास नेहमी सांगितला जातो. मला मात्र तो अर्धाच इतिहास वाटतो. नामवंत माणसं आली, काही वर्षं बसली आणि आपापल्या कामाला निघून गेली. संस्था उरली ती दर गुरुवारी खुर्च्या मांडणाऱ्यांमुळे, आणि ती नावं बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसतात.

सुरुवात मात्र लॉस एंजेलिसमध्ये झाली नाही. ती न्यूयॉर्कमध्ये झाली, आणि तीही धंद्याच्या गरजेतून. ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेंबर्गहून अमेरिकेत आलेला खटपट्या माणूस. विजेचं आणि रेडिओचं सामान विकता विकता तो मासिकं काढू लागला. एप्रिल 1926 मध्ये त्याने ‘अमेझिंग स्टोरीज’ काढलं. फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं हे इंग्रजीतलं पहिलं मासिक. खरखरीत कागद, मुखपृष्ठावर भडक रंगांतली अवकाशयानं आणि राक्षसी किडे. घरातल्या मोठ्या माणसांसमोर उघडायची सोय नाही असं त्याचं रूप होतं. वाचक मुख्यतः पोरवयाचे, गावोगाव विखुरलेले. आपल्यासारखं वेड आणखी कुणाला आहे की नाही हेच त्यांना माहीत नसायचं.

गर्न्सबॅकने एक साधी गोष्ट केली. वाचकांची पत्रं छापताना तो त्यांचे पूर्ण पत्ते छापायचा. झालं! संपादकाला पत्र लिहिणारे एकमेकांना पत्रं लिहू लागले. विज्ञानकथांच्या चाहत्यांचं जे जग पुढे उभं राहिलं त्याचा पाया पत्रव्यवहाराच्या या सदरात आहे. यामागे गर्न्सबॅकची फार मोठी दूरदृष्टी होती असं मला वाटत नाही. पण वाचकाला नुसता गिऱ्हाईक न समजता पत्त्यासकट छापणं, एवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

1929 मध्ये त्याचं दिवाळं वाजलं, ‘अमेझिंग’ हातातून गेलं. लगेच त्याने नवी मासिकं काढली आणि त्यांतूनच पुढे ‘वंडर स्टोरीज’ झालं. मंदीचे दिवस होते. वाचक बांधून ठेवायला हवे होते. 1934 मध्ये त्याने मासिकातून ‘सायन्स फिक्शन लीग’ची घोषणा केली. सभासदाला प्रमाणपत्र, कोटाला लावायला बिल्ला, आणि ज्या गावात पुरेसे सभासद जमतील तिथे शाखा. शाखांना क्रमांक दिले जायचे. लॉस एंजेलिसच्या वाट्याला चौथा क्रमांक आला. 27 ऑक्टोबर 1934 रोजी एका सभासदाच्या गॅरेजमध्ये शाखेची पहिली बैठक झाली.

दोनच वर्षांत, 1936 मध्ये, गर्न्सबॅकने ‘वंडर स्टोरीज’ विकून टाकलं. नव्या मालकांनी लीगचं नाव ठेवलं, पण त्यात जीव राहिला नाही. वरून येणारा उत्साह आटला की शाखा गळून पडतात, तसं बऱ्याच ठिकाणी झालं. लॉस एंजेलिसची शाखा टिकली. त्याची कारणं दोन: फॉरेस्ट जे. ॲकरमन नावाचा एक तरुण, आणि स्वस्तात जेवण मिळणारी एक खानावळ.

ॲकरमनने वयाच्या नवव्या वर्षी ‘अमेझिंग’चा अंक विकत घेतला आणि तो कायमचा कामातून गेला. 1930 मध्ये, जेमतेम चौदाव्या वर्षी, त्याने पोरांचा एक पत्रव्यवहारी क्लब काढला होता. लीगच्या संचालकांच्या यादीत लेखकांच्या बरोबरीने त्याचं नाव होतं. मासिकं, पुस्तकं, चित्रपटांची छायाचित्रं, पत्रं, यातलं काहीही तो टाकून द्यायचा नाही. तो एस्पेरान्तो बोलायचा, शब्दांच्या कोट्या करायचा, स्वतःचं नाव आकडे घालून लिहायचा. ‘साय-फाय’ हा जगभर पसरलेला शब्द 1954 मध्ये त्यानेच रूढ केला. अनेक गंभीर लेखकांना तो शब्द शेवटपर्यंत आवडला नाही.

आता खानावळ. डाउनटाउन लॉस एंजेलिसमध्ये ब्रॉडवेवर 1935 मध्ये ‘क्लिफ्टन्स’ची नवी शाखा निघाली. क्लिफर्ड क्लिंटन हा तिचा मालक. त्याने आपल्या नाव-आडनावाची मोडतोड करूनच हॉटेलचं नाव बनवलं होतं. त्याचे आईवडील साल्व्हेशन आर्मीचे, चीनमध्ये काम केलेले. भूक त्याने लहानपणी जवळून पाहिली होती. म्हणून ‘क्लिफ्टन्स’मध्ये नियम असा की पटेल तेवढे पैसे द्या, आणि खिशात काहीच नसेल तरी उपाशी जाऊ नका. आत सजावट रेडवूडच्या जंगलाची. खरा वाहणारा धबधबा, झाडांचे बुंधे, एक छोटंसं प्रार्थनाघरही. मंदीतल्या त्या काळात हजारो माणसं तिथे जेवून गेली.

हा क्लिंटन नुसता दानशूर नव्हता. शहराच्या कारभारातला भ्रष्टाचार त्याने उघडकीला आणायचं ठरवलं, तेव्हा 1937 मध्ये त्याच्या घरात बॉम्बस्फोट झाला. तो बचावला. पुढच्या वर्षी लोकांनी महापौर फ्रँक शॉ यांना मतदानाने पायउतार केलं. शहरात हे सगळं चाललेलं असताना त्याच्याच हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर, ‘ब्राउन रूम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोलीत, काही पोरं मंगळावर कसं जायचं यावर वाद घालत बसलेली असायची.

या पोरांकडे पैसे नव्हते हे लक्षात घेतलं पाहिजे. जिथे बसायला भाडं पडत नाही, काही घेतलं नाही तरी कुणी हाकलत नाही आणि लिंबाचं सरबत फुकट मिळतं, अशी जागा मिळाल्याशिवाय असला क्लब चाललाच नसता. सरबतावर संध्याकाळ काढणाऱ्यांत सतरा वर्षांचा रे ब्रॅडबरी होता.

ब्रॅडबरी 1937 मध्ये आला. इलिनॉयमधल्या वॉकेगनचं कुटुंब कामाच्या शोधात 1934 मध्ये लॉस एंजेलिसला आलेलं. शाळा संपल्यावर कॉलेजची ऐपत नव्हती, म्हणून तो कोपऱ्यावर उभा राहून वर्तमानपत्रं विकायचा आणि उरलेला वेळ सार्वजनिक वाचनालयात घालवायचा. क्लबमधली त्याची तेव्हाची ख्याती लेखक म्हणून नव्हती. आरडाओरडा करणारा, पुढाऱ्यांच्या नि नटांच्या नकला करून सभेत व्यत्यय आणणारा पोरगा अशीच होती. क्लबचं सायक्लोस्टाइल केलेलं मासिक होतं, ‘इमॅजिनेशन!’. त्याच्या जानेवारी 1938 च्या अंकात ब्रॅडबरीची पहिली कथा छापून आली. वाचकांना ती फारशी आवडली नाही. आज वाचली तर त्यांचं बरोबर होतं असंच म्हणावं लागतं.

पण छापून आली. याला फार महत्त्व आहे. बाहेरच्या संपादकाने ती परत पाठवली असती. क्लबच्या मासिकात ती आली, तिच्यावर दर गुरुवारी समोर बसणाऱ्या माणसांनी तोंडावर टीका केली, आणि पोरगा पुढची कथा लिहायला बसला. पुढच्या वर्षी त्याने ‘फ्युचुरिया फँटेशिया’ हे स्वतःचंच मासिक काढलं. पैसे ॲकरमनचे. चार अंक निघाले आणि ते बंद पडलं.

त्याच्या आसपास कोण कोण होतं पाहा. रॉबर्ट हाइनलाइन नौदलातून आजारपणामुळे निवृत्त होऊन लॉस एंजेलिसला आला होता आणि नुकता लिहायला लागला होता. तो क्लबच्या बैठकांना यायचा. ब्रॅडबरीची एक छोटी गोष्ट त्याच्या मदतीने 1940 मध्ये एका स्थानिक साप्ताहिकात गेली. लेखक हेन्री कटनर होता. ली ब्रॅकेट होती. ती पुढे हम्फ्री बोगार्टच्या ‘द बिग स्लीप’ची पटकथा लिहिणाऱ्यांपैकी एक. रविवारी सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर ब्रॅडबरीच्या कथा वाचून ती त्याला कुठे काय चुकलं ते सांगायची. जवळच पॅसाडीनात कॅलटेक हे तंत्रविद्यापीठ होतं, आणि तिथल्या अग्निबाणांच्या प्रयोगांत गुंतलेला जॅक पार्सन्सही क्लबमध्ये येऊन अग्निबाणांवर बोलून गेला. ज्या काळात अग्निबाण हा शब्द विद्यापीठात उच्चारायची चोरी होती, त्या काळात त्याला कान देऊन ऐकणारे श्रोते इथे मिळाले. त्या प्रयोगांतूनच पुढे जेट प्रपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली.

आणि हॅरिहाउसन. ‘किंग काँग’ पाहून वेडा झालेला हा मुलगा. एका थिएटरात त्या चित्रपटाची छायाचित्रं लावलेली त्याने पाहिली, ती कुणाची म्हणून चौकशी केली, तर ती ॲकरमनची निघाली. ॲकरमनने त्याला क्लबमध्ये आणलं. तिथे त्याची ब्रॅडबरीशी गाठ पडली. दोघांचं जन्मवर्ष एकच, 1920, आणि दोघांना डायनॉसॉरचं वेड. एकाने त्यांच्यावर लिहायचं आणि दुसऱ्याने त्यांना पडद्यावर हलवायचं, असं दोघांनी ठरवलं. 1953 मध्ये ‘द बीस्ट फ्रॉम 20,000 फॅदम्स’ आला तेव्हा त्यातला प्राणी हॅरिहाउसनने हलवला होता आणि श्रेयनामावलीत ब्रॅडबरीच्या कथेचा उल्लेख होता. दोघांची मैत्री मरेपर्यंत टिकली.

या पुरुषांच्या गर्दीत एक बाई होती, तिच्याविषयी थोडं थांबून लिहायला हवं. मर्टल डग्लस. चाहत्यांत ती ‘मोरोजो’ या नावाने वावरायची. ही तिच्या नावाची एस्पेरान्तोतली आद्याक्षरं. ॲकरमनबरोबर तिने क्लबच्या मासिकांचं टंकलेखन, छपाई, टपाल असं सगळं काम वर्षानुवर्षं केलं. वाचकांच्या पत्रांचं ‘व्हॉइस ऑफ द इमॅजिनेशन’ हे मासिक दोघांनी मिळून चालवलं. जुलै 1939 मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हा तिने स्वतःसाठी आणि ॲकरमनसाठी भविष्यातल्या माणसांचे पोशाख शिवले. झगे, खांद्यावरून सोडलेले. ते घालून दोघं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून चालले. संमेलनाला दोनशेच्या आसपास माणसं होती. पुढच्या वर्षीच्या संमेलनात पोशाख करून येणारे वाढले. आज ‘कॉस्प्ले’ म्हणून जगभर जो प्रकार चालतो, मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनमध्येही मुलंमुली जो हौसेने करतात, त्याची सुरुवात या जोडीपासून मोजतात. श्रेय बराच काळ एकट्या ॲकरमनच्या नावावर जमा होत राहिलं. कपडे शिवले कुणी, हे विचारायला लोकांना काही दशकं लागली.

ब्रॅडबरीही त्या संमेलनाला गेला. ॲकरमनकडून पैसे उसने घेऊन, बसने. जाताना त्याने हॅनेस बॉक या चित्रकार मित्राची चित्रं बरोबर नेली आणि न्यूयॉर्कच्या संपादकांना दाखवत हिंडला. ‘विअर्ड टेल्स’ने बॉकला काम दिलं. स्वतः ब्रॅडबरीला काहीच विकता आलं नाही.

1940 मध्ये शाखेने लीगशी असलेला नामधारी संबंध सोडला आणि आजचं नाव घेतलं. मग युद्ध आलं. 1942 चं जागतिक संमेलन लॉस एंजेलिसला व्हायचं ठरलं होतं, ते पर्ल हार्बरनंतर लांबणीवर पडलं. ॲकरमन सैन्यात गेला, पण छावणीही लॉस एंजेलिसच्याच परिसरात असल्यामुळे त्याचं येणंजाणं चालू राहिलं. क्लबने बिक्सेल स्ट्रीटवर भाड्याने खोली घेतली होती. शहरात नोकरीसाठी, सैन्यातून सुटीवर आलेले देशभरचे चाहते त्या खोलीत येऊन पडायचे. इतकी माणसं इतक्या लहान जागेत आली की जे होतं ते झालं. गट पडले, राजीनामे दिले गेले, मागे घेतले गेले, निवडणुका लढवल्या गेल्या. फ्रान्सिस टाउनर लेनी नावाच्या एका सभासदाने 1948 मध्ये या सगळ्यावर ‘आह! स्वीट इडिअसी!’ हे सायक्लोस्टाइल आत्मचरित्र काढलं आणि क्लबमधल्या एकेकाची सालटी काढली. भाषा झणझणीत, निरीक्षण तिखट. ते आजही वाचलं जातं.

लेनीच्या रागाचं एक मोठं कारण म्हणजे क्लबमध्ये समलिंगी माणसं होती. त्याने ते क्लबची बदनामी म्हणून लिहिलं. आज तो मजकूर वाचताना लाज वाटते ती लेनीची. कारण त्याच क्लबमधल्या जिम केप्नरने पुढे समलिंगींच्या इतिहासाची कागदपत्रं आयुष्यभर जमवली आणि तो संग्रह आज सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मोठ्या अभिलेखागाराचा भाग आहे. त्याच क्लबमधली एडिथ आयडी. तिला तिथे ‘टायग्रिना’ म्हणत. तिने 1947 मध्ये ‘व्हाइस व्हर्सा’ हे समलिंगी स्त्रियांसाठीचं अमेरिकेतलं पहिलं ज्ञात मासिक काढलं. आर.के.ओ. स्टुडिओतल्या नोकरीच्या वेळात, कार्बन कागद घालून, टाइप करून. छापखान्याशिवाय मासिक कसं काढायचं, टपालाने कसं पोचवायचं, टोपणनावाने कसं वावरायचं, हे शिक्षण विज्ञानकथांच्या चाहत्यांत रोजचं होतं. विज्ञानकथेशी काडीचाही संबंध नसलेल्या कामाला ते उपयोगी पडलं.

युद्धामुळे लांबलेलं जागतिक संमेलन 1946 मध्ये पार पडलं. 1948 पासून पश्चिम किनाऱ्याचं वेगळं वार्षिक संमेलन सुरू झालं. त्याच सुमाराला रिक स्नीरी या सभासदाने एक घोषणा चालवली: ‘साउथ गेट इन फिफ्टी-एट’. साउथ गेट हे लॉस एंजेलिसला लागून असलेलं त्याचं छोटं गाव. तिथे संमेलन भरवण्याजोगं हॉटेलही नव्हतं. यमक जुळलं, एवढ्या भांडवलावर दहा वर्षं ही मागणी चालली आणि 1958 साल उजाडल्यावर ती खरोखर मान्य झाली. हॉटेल लॉस एंजेलिसमधलंच घ्यावं लागलं. तेव्हा दोन्ही गावांच्या महापौरांनी संमेलनापुरता हॉटेलचा भाग साउथ गेटचा असल्याचं जाहीर केलं. सरकारी कारभाराची इतकी निरुपद्रवी थट्टा क्वचितच झाली असेल.

पन्नाशीच्या दशकात क्लब मरगळला होता. ॲकरमन राक्षसपटांवरच्या आपल्या नव्या मासिकात गुंतला, लेखक पांगले. क्लबला पुन्हा हलवलं ते बेटी जोॲन ट्रिम्बल हिने. सगळे तिला ‘बीजो’ म्हणत. चित्रकार बाई, कामाला वाघ. तिची आणि जॉन ट्रिम्बलची पहिली भेट ॲकरमनच्या घरातल्या पार्टीत झाली. गर्दी इतकी की दोघं पियानोखाली बसली होती. संमेलनांत चित्रप्रदर्शन भरवण्याची पद्धत तिने 1960 मध्ये सुरू केली. पुढे 1967-68 मध्ये एनबीसी वाहिनी ‘स्टार ट्रेक’ बंद करणार असं कळल्यावर या नवराबायकोने पत्रांची मोहीम उभारली. पत्र कसं लिहायचं, पाकिटावर काय लिहायचं, कुणाला पाठवायचं, याच्या सूचना सायक्लोस्टाइल करून पत्त्यांच्या याद्यांवर धाडल्या. म्हणजे पुन्हा पत्ते! मार्च 1968 मध्ये वाहिनीला पडद्यावरून सांगावं लागलं की मालिका चालू राहील, पत्रं थांबवा. तिसरा हंगाम मिळाला आणि भागांची संख्या 79 झाली. पुनःप्रक्षेपणासाठी विकायला ती पुरेशी ठरली आणि पुनःप्रक्षेपणानेच ‘स्टार ट्रेक’ला अमर केलं. 1976 मध्ये पहिल्या स्पेस शटलचं ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे ठरलेलं नाव बदलून ‘एंटरप्राइज’ झालं, तेही चाहत्यांच्या पत्रांमुळेच.

माझ्या मते संस्थेच्या इतिहासातलं सर्वांत मोठं काम मात्र याहून नीरस आहे. 1964 च्या सुमाराला पॉल टर्नर नावाच्या सभासदाने सुचवलं की आपण स्वतःची जागा घेण्यासाठी इमारत निधी काढू. लोक हसले. क्लबची मिळकत ती काय, नाण्यांतली वर्गणी आणि जुन्या मासिकांचे लिलाव. हसले तरी त्यांनी पैसे टाकले. गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळात वर्गणी गोळा करताना जशी कुरबुर होते तशी कुरबुर करत, पण टाकले. लिलाव झाले, देणग्या आल्या, पैसा बँकेत पडून वाढत राहिला. मोठी देणगी देणाऱ्याला ‘आश्रयदाता संत’ ही पदवी, आणि त्याच्या वाट्याच्या गुरुवारी भर सभेत त्याच्याविषयीचे फजितीचे किस्से सांगून जयजयकार. देणगीदाराचा असा सत्कार आपल्याकडे कुणी खपवून घेईल का, शंका आहे.

1973 मध्ये स्टुडिओ सिटीत व्हेंचुरा बूलेव्हार्डवर क्लबने स्वतःचं छोटं घर विकत घेतलं. विज्ञानकथा-चाहत्यांच्या क्लबने स्वतःच्या मालकीची वास्तू घेणं तोवर जवळपास न ऐकलेलं होतं. चार वर्षांत ते अपुरं पडलं आणि 1977 मध्ये नॉर्थ हॉलीवूडला बरबँक बूलेव्हार्डवर मोठी जागा घेतली. तिथे ग्रंथालय आलं, हजारो पुस्तकांचं. सभागृहाला नाव दिलं फ्रीहेफर हॉल. पॉल फ्रीहेफर हा कॅलटेकमध्ये शिकलेला, हृदयविकाराने 1944 मध्ये ऐन तरुणपणी वारलेला सभासद. त्याचं एकही पुस्तक नाही. त्याने युद्धाच्या दिवसांत क्लबचं काम केलं, एवढीच त्याची कीर्ती. क्लबची सेवा करणाऱ्याला 1959 पासून जो पुरस्कार देतात त्यातही त्याचंच नाव आहे, ई. एव्हरेट इव्हान्स या दुसऱ्या राबत्या सभासदाच्या जोडीने. ब्रॅडबरीचं नाव सभागृहाला देऊन वर्तमानपत्रांत फोटो छापून आणणं सोपं होतं. या मंडळींनी तसं केलं नाही, आणि त्यामुळे माझा त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

जागा झाली तशी तिथे भलतीसलती रोपं उगवू लागली. क्लबमध्ये 1964 पासून ‘आपा-एल’ नावाचा साप्ताहिक प्रकार चालू होता. प्रत्येकाने आपलं पान-दोन पानं छापून आणायची, गुरुवारी सगळी एकत्र टाचायची आणि एकेक गठ्ठा घरी न्यायचा. सत्तरच्या दशकात या पानांत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नव्या खेळाची चर्चा इतकी माजली की बाकीचे वैतागले. तेव्हा ली गोल्ड या सभासद बाईंनी 1975 मध्ये खेळापुरतं वेगळं प्रकाशन काढलं. ते अर्धशतकाच्या आसपास चाललं. 1977 मध्ये फ्रेड पॅटन आणि मार्क मर्लिनो यांनी जपानी कार्टूनसाठी वेगळा क्लब काढला. घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर नुकते आले होते. स्थानिक जपानी वाहिनीवरचे अजस्र यंत्रमानव टेप करून ही मंडळी एकत्र बसून बघायची. अमेरिकेतल्या ॲनिमे-चाहत्यांची पहिली संघटना ती हीच. नवं वेड आलं की आधी त्रासायचं, मग त्याला कोपरा द्यायचा, असा इथला रिवाज दिसतो.

लेखक येतच राहिले. लॅरी निव्हन गुरुवारी येऊन बसायचा, जेरी पोर्नेल यायचा. दोघांनी मिळून लिहिलेल्या कादंबऱ्या खूप खपल्या. 1991 च्या ‘फॉलन एंजल्स’मध्ये, मायकेल फ्लिन या तिसऱ्या लेखकासह, त्यांनी विज्ञानकथांच्या चाहत्यांनाच नायक केलं. गुरुवारच्या सभेने लेखकांवर उगवलेला हा सूड म्हणायचा की लेखकांनी सभेवर, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

मराठीत विज्ञानकथेची वाट वेगळी पडली, हे इथे आठवतं. आपल्याकडे तिला उभारी मिळाली ती बरीचशी मराठी विज्ञान परिषदेमुळे. परिषद स्थापन झाली 1966 मध्ये आणि तिने विज्ञानरंजन कथास्पर्धा घेतल्या. 1974 च्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली, पहिली ठरली, आणि मग कळलं की लेखक जयंत विष्णू नारळीकर आहेत. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव घेतलं होतं. म्हणजे इकडे संस्थेने लेखक शोधला. परीक्षक होते, बक्षीस होतं, शास्त्रज्ञ होते, विज्ञानाचा प्रसार हा हेतू होता. लॉस एंजेलिसच्या मंडळींना असा कुठलाही हेतू नव्हता. लोकांना शहाणं करणं हे त्यांच्या घटनेत नव्हतं. आपल्या वाटेने कथांचा दर्जा सांभाळला गेला, त्यांच्या वाटेने वाचकांचा गोतावळा जमला. दोन्ही गोष्टी एका संस्थेला साधलेल्या मी पाहिलेल्या नाहीत.

ॲकरमन 2008 मध्ये गेला, ब्रॅडबरी 2012 मध्ये, हॅरिहाउसन 2013 मध्ये. मधल्या काळात, 2011 मध्ये, क्लबने नॉर्थ हॉलीवूडची जागा सोडून व्हॅन नाईजला बिऱ्हाड हलवलं. थँक्सगिव्हिंगच्या सुटीत भरणारं ‘लॉसकॉन’ हे क्लबचं स्वतःचं संमेलन 1975 पासूनचं.

मुलांकडे म्हणून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या मराठी वाचकांनी डिस्नेलँड आणि युनिव्हर्सल स्टुडिओ बघून झाल्यावर एखादा गुरुवार मोकळा ठेवावा. बैठक सध्या कुठे भरते ते आधी विचारून घ्यावं, कारण जागा बदलत आली आहे. पाहुण्याला पहिल्या तीन सभा फुकट, चौथ्यापासून पैसे, अशी तिथली जुनी पद्धत आहे.